पाखरीला सांगितलंत का?

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते आणि त्या गावात एक घोडेवाला राहत होता. किती वर्षांपूर्वी, ते विचारू नका. डोंगरावर चाकाची वाट झाली नव्हती तेव्हाची गोष्ट, एवढे समजले तरी पुरे. वर पठारावर एक वाडी होती. वाडीत नाचणी पिकायची, दूधदुभते भरपूर होते, मधाला तोटा नव्हता. पण मीठ, तेल आणि गूळ मात्र खालूनच न्यावा लागे. घोडेवाल्याच्या दोन घोड्या हे सारे पाठीवरून वाहून नेत.

थोरलीचे नाव पाखरी. ती पांढुरकी होती आणि इतकी हलकी चालायची, की शेजारून गेली तरी कळत नसे. धाकटी गुंजी. तिचे अंग तांबूस आणि कपाळावर काळा ठिपका, अगदी गुंजेच्या बीसारखा. दोघी शिंगरे असल्यापासून एकाच तबेल्यात वाढल्या होत्या. एकीपुढे चंदी टाकली, म्हणजे भिजवलेले हरभरे टाकले, तर दुसरीची चंदी येईपर्यंत ती तोंड लावत नसे. उन्हाळ्यात एकीचे तोंड दुसरीच्या शेपटीकडे, अशा त्या उभ्या राहत आणि एकमेकींच्या तोंडावरच्या माश्या शेपटीने हाकलत. घाट चढताना पाखरी पुढे, गुंजी मागे. हा क्रम कधी बदलला नाही.

गावाला त्यांचे भारी कौतुक. सासवा आपल्या भांडणाऱ्या सुनांना बोट करून दाखवत, "त्या घोड्यांकडून शिका जरा!" सुनांना घोडीचा दाखला देणाऱ्या सासवांशी कोण कशाला गोडीने वागेल, ते जाऊ द्या. पण इतक्या कौतुक करणाऱ्यांत एकाच्याही मनात कधी आले नाही, की या दोघींतली एक आधी थकेल, तेव्हा दुसरीचे काय होईल. घोडेवाल्याच्याही मनात आले नाही.

आणि पाखरी थकली. तिचा पुढचा उजवा गुडघा धरला. नाल ठोकणाऱ्या नालबंदाने पाय हातात घेऊन दाबून पाहिला आणि मान हलवली. "सपाटीवर चालेल," तो म्हणाला, "पण घाट आता हिच्याच्याने व्हायचा नाही. चढवलीस तर एक दिवस दरीत जाईल."

"मग गुंजीला एकटीला नेतो," घोडेवाला म्हणाला.

म्हणायला काय, सोपे होते. दुसऱ्या दिवशी त्याने पाखरीला तबेल्यात बांधले, गुंजीवर मिठाच्या गोण्या लादल्या आणि लगाम धरून निघाला. आवाराच्या बाहेर पडेपर्यंत ठीक चालले. मग गुंजीने मागे पाहिले. पाखरी येत नव्हती. गुंजी जागच्या जागी थांबली आणि जोरात खिंकाळली. आतून पाखरीने उत्तर दिले, आणि ते उत्तर ऐकून शेजारच्या घरातली माणसे बाहेर आली, इतके ते भेसूर होते. गुंजी दोन पायांवर उभी राहिली. गोणी फुटली, मीठ रस्त्यावर सांडले. तिकडे पाखरीने दावे तोडले आणि दुखरा पाय ओढत ती धावत आली. दाव्याच्या ओढीने तिची मान सोलली होती, पण तिला त्याचे काहीच वाटत नव्हते. गुंजीच्या मानेवर मान टाकून ती थरथरत उभी राहिली.

वाडीवाले त्या दिवशी वाट पाहत बसले.

असे दोनचारदा झाल्यावर शेजारी सल्ला द्यायला आला. "तुझं चुकतंय दादा," तो म्हणाला. "तू तिच्यादेखत नेतोस, म्हणून ती आकांत करते. नजर चुकवून न्यावं. आमचं धाकटं पोर बघ. मी निघालो की धाय मोकलून रडतं. म्हणून त्याची आई त्याला मागच्या पडवीत खेळवत बसते आणि मी पुढच्या दारानं सटकतो. ना रडणं, ना भेकणं."

"आणि मग तुला शोधत नाही ते?"

"शोधत असेल. मी कुठं बघायला असतो?"

घोडेवाल्याला ही युक्ती पटली. त्याने पाखरीच्या तोंडाला तोबरा बांधला, त्यात मूठभर जास्तच चंदी घातली. तोबऱ्याच्या पिशवीत तोंड खुपसून पाखरी खाऊ लागली, तशी त्याने गुंजीला हळूच मागच्या बाजूने बाहेर काढले. आणि काय सांगावे, साधले! गुंजी थोडी कुरकुरली, पण पाखरीचा आवाज कानावर न आल्यामुळे डोंगर चढली.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा तबेल्यातली जमीन खुरांनी उकरलेली होती. पाखरी घामाने निथळत गोल गोल फिरत होती. पाण्याला तिने तोंड लावले नव्हते. तोबरा झटकून फेकून दिला होता आणि हरभरे चिखलात पडले होते.

दुसऱ्या दिवशी घोडेवाला तोबरा घेऊन आला, तर पाखरी मागे सरकली. त्याने चुचकारले, मानेवरून हात फिरवला, तरी तिने तोबऱ्यात तोंड घातले नाही. तोबऱ्यात तोंड घातले की गुंजी नाहीशी होते, एवढे तिला एकाच दिवसात समजले होते. तिने खाणेच टाकले. गुंजी शेजारी उभी असली तरीही ती खात नसे. खाली मान घालायलाच घाबरत असे, कारण मान वर करीपर्यंत काय होईल याचा तिला भरवसा राहिला नव्हता.

नालबंद म्हणाला, "लाड पुरे झाले. अगाडी-पिछाडी बांध." म्हणजे पुढचे पाय पुढच्या खुंटीला, मागचे पाय मागच्या खुंटीला. तसे बांधले. पाखरीने इतके झटके दिले, की ती आडवी पडली आणि दोर पायात रुतले. घोडेवाल्याने स्वतःच्या हाताने ते कापले. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता.

"मग एकीला विकून टाक," शेजारी म्हणाला. "काय रडायचं ते एकदाच रडतील."

घोडेवाला पाखरीजवळ जाऊन उभा राहिला. पाखरीच्या फासळ्या आता मोजता येत होत्या. ती अशीच झुरत राहिली तर पावसाळा पाहणार नाही, हे त्याला दिसत होते. आणि ती गेली तर गुंजीही मागे राहणार नाही, असे त्याचे मन त्याला सांगत होते. पोटची पोरे नव्हती त्याला. या दोघींना त्याने आणि त्याच्या बायकोने हाताने दूध पाजून वाढवले होते.

वाडीला मीठ तर हवेच होते. म्हणून त्याने ठरवले की घोड्यांना राहू द्यावे आणि आपल्याच डोक्यावरून जमेल तेवढे न्यावे. सकाळी त्याने डोक्यावर गोणी घेतली, उंबऱ्यापाशी थांबला आणि सवयीने आत आवाज दिला, "येतो गं."

बायको पाखरीला गवत घालून नुकतीच आत आली होती. हात पुसत ती दाराशी आली. "मला सांगितलंत," ती म्हणाली. "पाखरीला सांगितलंत का?"

"काय?"

"येतो म्हणून."

घोडेवाला हसला. "घोडीला काय कळतंय त्यातलं?"

"हसू नका. आपल्याकडं शेजारच्या गल्लीत जायचं झालं तरी कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणून निघतो. का म्हणतो? मागं राहणाऱ्याच्या जिवाला आधार व्हावा म्हणून. आणि या मुक्या जनावराला तुम्ही काय केलंत? तोबऱ्यात तोंड घालायला लावलंत आणि चोरासारखी तिची गुंजी पळवलीत. शब्द नसेल कळत तिला. चोरी कळते."

डोक्यावरची गोणी घोडेवाल्याला एकदम जड वाटली. दिवसभर घाट चढता-उतरता त्याच्या डोक्यात तेच घोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने गुंजीला पाखरीसमोर आणले. दोघींना एकमेकींची तोंडे हुंगू दिली. मग पाखरीच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "येतो गं, पाखरे." आणि गुंजीला घेऊन निघाला.

तुम्हाला वाटेल, आता पाखरी शांत राहिली असेल. छे! तिने नेहमीसारखाच आकांत मांडला, दाराची फळी फोडली आणि घोडेवाल्याला आवारातूनच परत यावे लागले. तो बायकोवरच चिडला. "सांगितलं होतं की! तुझ्या शब्दानं काय झालं?"

बायकोही वैतागलेली होती. फुटलेली फळी उचलत ती म्हणाली, "सांगितलंत, पण ती तुमच्यावर विश्वास कसा ठेवील? आजवर कितीदा फसवलंत! नुसत्या शब्दात काय असतं? आधी येऊन दाखवा. आणि लवकर या. ती घाबरायच्या आत या."

"घाबरायच्या आत म्हणजे? ती तर दारातून बाहेर पडलो की घाबरते."

"मग दारातूनच परत या."

आणि मग गावाला मोठी करमणूक झाली. घोडेवाला पाखरीच्या मानेवर हात ठेवी, "येतो गं" म्हणे, गुंजीला तबेल्याच्या दारापर्यंत नेई आणि लगेच मागे वळे. पाखरी नाकपुड्या फुलवते न फुलवते तोच गुंजी समोर हजर. पुन्हा हात, पुन्हा "येतो गं", पुन्हा दार, पुन्हा परत. कुंपणापलीकडे बघे जमले. "कुठवर गेला होतास, दादा? दारापर्यंत? लांबचा प्रवास झाला, दमला असशील!" असे म्हणून ते हसत. घोडेवाल्याला राग यायचा, पण तो गिळायचा. दुपारी तो स्वतःच्या डोक्यावर गोणी घेऊन डोंगर चढायचा. त्याच्या मानेला कायमचा बाक आला तो तेव्हापासूनच.

दारापर्यंतचे जाणे पाखरीच्या अंगवळणी पडले, तसा तो अंगणापर्यंत जाऊ लागला. मग अंगणापलीकडच्या गोठ्याच्या भिंतीआड, जिथून गुंजी दिसेनाशी होई. पहिल्यांदा दिसेनाशी झाली तेव्हा पाखरीचे चारही पाय ताठ झाले. पण भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून गुंजी आली, आणि पाखरीने लांब श्वास सोडला. बायको शेजारी उभी राहून खराऱ्याने तिचे अंग घासत होती. "आली बघ," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना?"

कधी कधी चुकायचेही. घोडेवाला उतावळा होऊन ओढ्यापर्यंत जायचा आणि तबेल्यातून किंकाळी यायची. मग दुसऱ्या दिवशी ओढ्याचे नाव न काढता पुन्हा भिंतीपासून सुरुवात. गुंजीलाही शिकवायचे होतेच. ती ज्या ज्या वळणावर मागे पाही, तिथे तो थांबे, तिला गवताची पेंडी चारी आणि परत आणी. घरापासून लांब जाणारी वाट घराकडेच वळते, हे तिलाही हळूहळू उमगले.

एक गोष्ट मात्र घोडेवाल्याने कधी मोडली नाही. पाखरीला "येतो" म्हटले की यायचेच. एकदा वर वाडीत लग्न होते. पंगत बसायची होती, वाडीवाले हाताला धरून म्हणाले, "आज मुक्काम करा, उद्या जा." तो हात जोडून म्हणाला, "पाखरीला सांगून आलोय." लोक हसले. तो मात्र पुरणपोळी उपरण्यात बांधून उपाशीपोटी घाट उतरला.

होता होता एक दिवस असा आला, की गुंजी पाठीवर गोण्या घेऊन वाडीपर्यंत गेली. खाली पाखरीने मान वर करून एकदा साद घातली, वाटेकडे पाहिले, आणि पुन्हा गवतात तोंड घातले. घोडेवाल्याची बायको तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. संध्याकाळी गुंजी घाटाच्या शेवटच्या वळणावर येऊन खिंकाळली, तेव्हा तबेल्यातून उत्तर आले, त्यात भीती नव्हती. घरी आलेल्या माणसाला आतून 'आलात का?' विचारावे, तसे ते उत्तर होते.

पाखरीच्या अंगावर पुन्हा मांस चढले. ती तोबऱ्यातून खाऊ लागली. कितीतरी पावसाळे असे गेले. रोज सकाळी "येतो गं", रोज परतताना वळणावर गुंजीची साद आणि आतून पाखरीचे उत्तर. थट्टा करणारे लोक आता त्या उत्तरावरून चूल पेटवायची वेळ झाली असे धरत.

पण म्हातारपण काही "येतो" म्हणून येत नाही. एके दिवशी घोडेवाला आणि गुंजी डोंगरावर असताना पाखरी तबेल्याबाहेरच्या सावलीत आडवी झाली. बायकोने तिचे डोके मांडीवर घेतले. पाखरीच्या तोंडात अर्धवट चावलेले गवत होते. तिने फार त्रास काढला नाही. दोनदा लांब श्वास घेतला, आणि नंतर घेतला नाही.

गाव जमले. शेजारी आला, नालबंद आला. दोघांचेही डोळे भरले होते, कारण माणसे वाईट नव्हती. नालबंद म्हणाला, "गुंजी यायच्या आत हिला हलवू या. बघितलं तर ती वेडी होईल."

शेजारी म्हणाला, "आणि दादानं तिला एवढंच म्हणायचं, 'येते गं पाखरी.' त्या शब्दावर तिचा विश्वास आहे. वाट बघत राहील बिचारी. चार दिवस जातील, विसरेल."

घोडेवाल्याची बायको पाखरीचे कपाळ कुरवाळत होती. हा शब्द जिने शिकवला तीच आता म्हणाली, "हो, तसंच करा. मला तिचं ओरडणं ऐकवणार नाही. मी त्या दिवसांत ऐकलंय. पुन्हा नको."

शेजारी धावत घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत गेला. घोडेवाला उतरतच होता. शेजाऱ्याने धापा टाकत सगळे सांगितले. घोडेवाला वाटेतल्या दगडावर मटकन बसला.

तेवढ्यात गुंजीने मान वर केली आणि रोजच्यासारखी खिंकाळली.

उत्तर आले नाही.

ती कान टवकारून थांबली. पुन्हा खिंकाळली, आधीपेक्षा मोठ्याने. गावातून नुसता माणसांचा गलबला ऐकू येत होता. गुंजीने घोडेवाल्याकडे पाहिले. तिचे अंग थरथरू लागले होते.

"म्हण ना, दादा," शेजारी कळवळून म्हणाला. "एक शब्द म्हण, ती शांत होईल. आमची माणसं तोवर पाखरीला हलवतील."

शब्द घोडेवाल्याच्या ओठावर आला होता. त्याला ठाऊक होते, नुसते "येते गं" म्हटले तर गुंजी शांत होईल. आज शांत होईल, उद्याही होईल. रोज या वळणावर ती साद घालील आणि उत्तराची वाट पाहील. अगदी मरेपर्यंत पाहील. आणि ज्या शब्दासाठी आपण दारापर्यंत जाऊन परत येत होतो, लोकांचे हसू सोसत होतो, उपाशी घाट उतरलो होतो, त्याच शब्दाने आपण तिला आयुष्यभर या दगडापाशी बांधून ठेवू.

"नाही," तो म्हणाला. "हलवू नका म्हणावं. आहे तिथं राहू दे तिला."

"अरे, पण ही बघेल ना!"

"बघू दे. आम्ही या दोघींना कधी फसवायचं नाही असं ठरवलंय. आज सोपं पडतंय म्हणून फसवू का?"

त्याने गुंजीवरचे खोगीर उतरवले, लगाम काढला आणि तिला मोकळी सोडली. गुंजी धावत निघाली. गर्दी बाजूला सरली. बायकोने घोडेवाल्याकडे रागाने पाहिले, पण त्याचा चेहरा पाहून ती उठली आणि पाखरीपासून दूर झाली.

गुंजी पाखरीजवळ आली. तिने तिचे नाक हुंगले, मान हुंगली, सुजट गुडघा हुंगला. नाकाने तिला ढोसले. पुढच्या पायाने हळूच तिच्या खांद्याला स्पर्श केला, उठ म्हणावे तसा. मग ती खिंकाळली, आणि तिथे उभ्या असलेल्या एकाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. नालबंदानेही तोंड फिरवले.

घोडेवाला जवळ आला. त्याने गुंजीच्या मानेवर हात ठेवला. "गेली गं, गुंजे," तो म्हणाला. "पाखरी गेली."

त्या घरात 'गेली' हा शब्द घरच्या कोणासाठी कधी उच्चारला गेला नव्हता. बायकोच्या अंगावर काटा आला. "असं म्हणू नका हो," ती पुटपुटली.

"जो परत यायचा नाही त्याच्यासाठीच तर आपण हा शब्द राखून ठेवलाय," घोडेवाला म्हणाला. "आज तोच खरा आहे."

गुंजी पाखरीच्या मानेवर आपली मान टेकवून उभी राहिली. ती गोण्या फोडणारी, दोन पायांवर उभी राहणारी गुंजी नव्हती. ती थरथरत होती, पण पळत नव्हती. कोणी तिला हाकलले नाही, ओढले नाही. ऊन कलले.

बऱ्याच वेळाने गुंजी दोन पावले बाजूला झाली. थांबली. मागे वळून पाखरीपाशी आली, तिला हुंगले. मग ती तबेल्याच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. नंतर अंगणापर्यंत गेली, थोडे गवत चघळले, आणि परत आली. घोडेवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. गुंजीला कोणी नेत नव्हते, कोणी आणत नव्हते. ती आपली आपण जात होती आणि येत होती, आणि दर वेळी थोडी जास्त लांब जात होती. दिवस मावळायच्या सुमारास ती गोठ्याच्या भिंतीआडच्या हौदापर्यंत गेली. तिथे पाणी पिण्याचा आवाज आला. सगळे वाट पाहत राहिले. या वेळी ती परत आली नाही. भिंतीपलीकडे शांतपणे उभी राहिली.

तेव्हा घोडेवाला लोकांना म्हणाला, "आता उचला तिला."

गुंजीला दुःख झाले नाही असे नाही. पुढे बरेच दिवस ती कमी खायची. घाटाच्या शेवटच्या वळणावर आली की साद घालायची. घोडेवाला तिला तिथे घाई करत नसे. लगाम सैल सोडून तोही उभा राहायचा. दोघे मिळून जरा वेळ खालच्या शांत गावाकडे पाहत, आणि मग गुंजी स्वतःच पहिले पाऊल टाकी. वाडीला मीठ पोचत राहिले. आणि एके दिवशी वळणावर घोडेवाला सवयीने थांबला, पण गुंजी थांबली नाही. ती पुढे चालत राहिली, आणि म्हाताऱ्या घोडेवाल्यालाच डोळे पुसून तिला गाठावे लागले.

तात्पर्य सांगायचे तर इतकेच: परत येणार असाल तर सांगून निघा आणि सांगितल्याप्रमाणे या, आणि जो परत येणार नाही, त्याच्याबद्दल मागे राहिलेल्याला खोटी आशा लावू नका. ताटातूट सोसण्याचे बळ खऱ्या शब्दातून येते, मग तो शब्द कितीही कडू असो.